सांत गटांतील जनक संच आणि उपगटांची आच्छादने

कोणताही गट आपल्या दोन उचित उपगटांचा संयोग असू शकत नाही, हा गटसिद्धांताच्या प्रारंभीच्या अभ्यासात हटकून येणारा प्रश्न आहे. संपूर्ण गटाहून लहान असलेल्या उपगटास उचित उपगट म्हणतात. अ आणि ब हे ग या गटाचे असे दोन उपगट असून त्यांपैकी एकही दुसऱ्यात सामावलेला नाही असे मानले, तर अ मध्ये असलेला पण ब मध्ये नसलेला घटक य आणि ब मध्ये असलेला पण अ मध्ये नसलेला घटक र यांचा गुणाकार यर हा दोहोंपैकी कोणत्याच उपगटात असू शकत नाही. उत्तर एका ओळीत संपते आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तथापि दोनाऐवजी तीन उपगट घेतले तर काय, चार घेतले तर काय, असे विचारू लागताच विषयाचे स्वरूप पालटते. गटाची अंतर्रचना त्याच्या उपगटांच्या केवळ संख्येतून कितपत ओळखता येते, हा प्रश्न मग उभा राहतो.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ग हा चक्रीय असेल तर त्याच्या जनकाला सामावून घेणारा उचित उपगटच नसतो. म्हणून अशा गटाचे उचित उपगटांनी आच्छादन होत नाही. उलटपक्षी ग चक्रीय नसेल तर त्याचा प्रत्येक घटक स्वतः निर्माण केलेल्या चक्रीय उपगटात असतो आणि तो उपगट उचितच असतो. तेव्हा आच्छादन आपोआपच मिळते. सारांश, चक्रीय नसलेल्या सांत गटाचे आच्छादन नेहमी शक्य असते, आणि त्यासाठी कमीत कमी किती उचित उपगट लागतात त्या संख्येस त्या गटाचा आच्छादनांक म्हणू. सांत गटांपुरताच विचार करण्याने फारसे काही गमावले जात नाही. बी. एच्. नॉयमन यांनी १९५४ मध्ये दाखविले की, एखादा गट उपगटांच्या सांत समूहाने आच्छादिला गेला असून त्या समूहातील एकही उपगट गाळता येत नसेल, तर त्यांतील प्रत्येक उपगटाचा निर्देशांक सांत असतो. मग त्या सर्वांच्या छेदात सांत निर्देशांकाचा एक प्रसामान्य उपगट सापडतो, आणि मूळ आच्छादन हे एका सांत भागगटाच्या आच्छादनाची छाया ठरते.

आच्छादनाची दुसरी बाजू म्हणजे जनन. एखादा संच गटाचा जनक असतो तो नेमका केव्हा, तर तो कोणत्याही एका महत्तम उपगटात सामावत नाही तेव्हा. फ्रात्तीनी यांनी १८८५ मध्ये सर्व महत्तम उपगटांच्या छेदाचा जो विचार केला त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे: त्या छेदातील घटक कोणत्याही जनक संचातून गाळले तरी संच जनकच राहतो. आता ग मध्ये काही घटक असे निवडले की त्यांपैकी कोणतेही दोन घेतले तरी ते मिळून सबंध गट निर्माण करतात. अशा संचास युग्मजनक संच म्हणता येईल. त्यातील कोणतेही दोन घटक एकाच उचित उपगटात असू शकत नाहीत. म्हणून आच्छादनात या संचाच्या प्रत्येक घटकासाठी निराळा उपगट लागतो. सर्वांत मोठ्या युग्मजनक संचाच्या घटकसंख्येस युग्मजननांक म्हटले, तर युग्मजननांक हा आच्छादनांकाहून कधीही मोठा नसतो. एक संख्या खालून चढत येते, दुसरी वरून उतरत येते. त्या कोठे भेटतात आणि कोठे भेटत नाहीत, हा या विषयातील खरा कुतूहलाचा भाग होय. ज्या गटास तीन किंवा अधिक जनक लागतातच त्या गटात ही तुलना निरर्थक होते, हे वेगळे सांगावयास नको.

तीन उपगटांच्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर इटालियन गणिती गाएतानो स्कोर्झा यांनी १९२६ मध्ये दिले. त्यांचे प्रमेय असे: एखादा गट तीन उचित उपगटांचा संयोग असतो तो तेव्हाच, जेव्हा त्याचा एखादा भागगट क्लाइनच्या चतुर्गटाशी समरूप असतो. सांत गटांसाठी सिद्धता मोजणीनेच होते. ग हा अ, ब, क यांचा संयोग आहे असे माना. तिघांचेही निर्देशांक ३ किंवा अधिक असते तर प्रत्येकात गटाचे फार तर एकतृतीयांश घटक आले असते. पण एकक घटक तिघांतही असल्यामुळे बेरीज अपुरी पडली असती. तेव्हा एकाचा तरी, समजा अ चा, निर्देशांक २ आहे. अ च्या बाहेरील अर्धा गट ब आणि क यांनी व्यापावा लागतो. ब किंवा क हा अ मध्ये सामावलेला असू शकत नाही, नाही तर दोनच उपगटांनी आच्छादन झाले असते. म्हणून ब चे बरोबर अर्धे घटक अ च्या बाहेर पडतात आणि क चेही तसेच. या दोन अर्धांनी गटाचे अर्धे घटक भरून काढावयाचे असतील तर ब आणि क यांची प्रत्येकी कोटी ग च्या निम्मी असणे भाग आहे. अशा रीतीने तिन्ही उपगट निर्देशांक २ चे, अतएव प्रसामान्य, ठरतात. अ आणि ब हे भिन्न असल्याने त्यांच्या छेदाने होणारा भागगट ४ कोटीचा असून त्यात निर्देशांक २ चे दोन भिन्न उपगट आहेत, म्हणजे तो चतुर्गटच होय. उलट दिशा सरळ आहे, कारण चतुर्गट हा आपल्या २ कोटीच्या तीन उपगटांचा संयोग आहे, आणि भागगटाचे आच्छादन मूळ गटावर ओढून घेता येते. चतुष्टयींचा ८ कोटीचा गट हे याचे परिचित उदाहरण.

स्कोर्झा यांचा निबंध बराच काळ विस्मृतीत राहिला आणि हेच प्रमेय पुढे इतरांनी स्वतंत्रपणे पुन्हा सिद्ध केले. सोप्या सिद्धतेच्या प्रमेयांचे भाग्य पुष्कळदा असेच असते.

पुढची महत्त्वाची मजल १९९४ मध्ये कोन यांनी गाठली. आच्छादनांक ४, ५ व ६ असणारे गट कोणते, हे त्यांनी भागगटांच्या भाषेत निश्चित केले. स्कोर्झा यांना जेथे एकच चतुर्गट भेटला तेथे आता ३ चिन्हांचा सममित गट, ४ चिन्हांचा एकांतर गट, २० कोटीचा एक गट अशी मंडळी येतात. वरवर पाहता ही यादी विस्कळीत दिसते, परंतु या तिघांचे कूळ एकच आहे. क ही एखाद्या अविभाज्य संख्येची घातसंख्या असून ३ पेक्षा लहान नाही असे समजा आणि क घटकांच्या सांत क्षेत्रावरील, य चे अय + ब असे रूपांतर करणारी सर्व रूपांतरे घ्या. येथे अ शून्येतर आहे. यांचा गट क गुणिले (क − १) कोटीचा असतो. क = ३ असता तो ३ चिन्हांचा सममित गट होतो, क = ४ असता ४ चिन्हांचा एकांतर गट, क = ५ असता वर उल्लेखिलेला २० कोटीचा गट. जे रूपांतर केवळ स्थानांतर नाही ते क्षेत्रातील नेमका एक बिंदू स्थिर ठेवते. तेव्हा क बिंदूंचे क स्थिरक आणि स्थानांतरांचा एक उपगट मिळून सर्व गट व्यापला जातो, आणि आच्छादनांक क + १ हून मोठा असू शकत नाही. आता खालून पहावे. प्रत्येक बिंदूचा स्थिरक चक्रीय असतो. त्याचा एकेक जनक निवडावा आणि त्यांत शून्येतर असे एक स्थानांतर घालावे. एका बिंदूचा स्थिरक उरलेल्या बिंदूंना परस्परांत हवे तसे नेऊ शकतो, म्हणून तो महत्तम उपगट आहे. त्याच्या बाहेरचा कोणताही घटक त्यात मिळविला की सर्व गट निर्माण होतो. निवडलेले क + १ घटक या कारणाने युग्मजनक आहेत. दोन्ही संख्या क + १ या एकाच जागी भेटतात.

ज्यांना उकलनीय गट म्हटले जाते त्यांच्या बाबतीत याहून वेगळे काही घडत नाही. कोन यांनी वर्तविले होते आणि टॉमकिन्सन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले की, चक्रीय नसलेल्या उकलनीय गटाचा आच्छादनांक नेहमी एखाद्या अविभाज्य संख्येच्या घाताहून एकाने अधिक असतो. त्याच निबंधात त्यांनी आणखी एक, त्या काळी आश्चर्यकारक वाटणारी, गोष्ट दाखविली: ज्याचा आच्छादनांक ७ आहे असा गटच नाही. सात उचित उपगटांनी एखादा गट आच्छादता येत असेल, तर तो त्याहून कमी उपगटांनीही आच्छादता येतोच.

उकलनीय गटांच्या पलीकडे पाऊल टाकताच पहिली भेट होते ती ५ चिन्हांच्या एकांतर गटाशी. त्याची कोटी ६०. त्यात २४ पंचचक्रे, २० त्रिचक्रे, दोन-दोन चिन्हांची अदलाबदल करणारे २ कोटीचे १५ घटक आणि एकक आहे. त्याचे महत्तम उपगट तीन प्रकारचे आहेत: १२ कोटीचे ५, म्हणजे एकेका चिन्हाचे स्थिरक, १० कोटीचे ६ द्वितल गट, आणि ६ कोटीचे १०. पंचचक्रे ५ कोटीच्या ६ उपगटांत वाटली गेली आहेत आणि असा प्रत्येक उपगट केवळ एकाच महत्तम उपगटात, आपल्या द्वितल गटात, असतो. म्हणून कोणत्याही आच्छादनात, उपगट महत्तम घेतले असता, हे सहाही द्वितल गट असलेच पाहिजेत. ते घेतले की २ कोटीचे घटकही व्यापले जातात, कारण असा प्रत्येक घटक दोन द्वितल गटांत येतो. आता केवळ त्रिचक्रे उरली.

त्रिचक्र आपल्या ५ चिन्हांपैकी २ चिन्हे स्थिर ठेवते. तेव्हा ३ कोटीचे १० उपगट हे ५ चिन्हांच्या १० जोड्यांशी, किंवा चित्ररूपाने सांगावयाचे तर पंचकोनाच्या ५ बाजू आणि ५ कर्ण यांच्याशी, जुळतात. एका चिन्हाचा स्थिरक घेणे म्हणजे त्या शिरोबिंदूतून निघणाऱ्या ४ रेषा एकदम व्यापणे. ६ कोटीचा उपगट घेणे म्हणजे एकच रेषा व्यापणे. तीन शिरोबिंदू घेतले तर उरलेल्या दोहोंना जोडणारी रेषा सुटते. दोनच घेतले तर तीन रेषा सुटतात. कसेही केले तरी चारांपेक्षा कमी उपगटांत भागत नाही, आणि चार शिरोबिंदू पुरतात. म्हणून या गटाचा आच्छादनांक ६ + ४ = १०.

खालून चढताना मात्र दहापर्यंत पोचता येत नाही. ५ कोटीच्या सहा उपगटांतून एकेक पंचचक्र घेता येते. वेगवेगळ्या उपगटांतील कोणतीही दोन पंचचक्रे सबंध गट निर्माण करतात. पंचचक्र आणि त्रिचक्र यांनाही सामावून घेणारा उचित उपगट नाही. परंतु दोन त्रिचक्रे गट निर्माण करतात ती केवळ त्यांच्या स्थिर चिन्हांच्या जोड्या परस्परविभक्त असतील तेव्हाच, आणि पाच चिन्हांत परस्परविभक्त अशा दोनच जोड्या बसतात. २ कोटीचा घटक घेऊ म्हटले तर तो दोन द्वितल गटांतील पंचचक्रे बाद करतो आणि नुकसानच होते. असे दोन घटक घेणे तर शक्यच नाही, कारण ते दोघे मिळून फार तर द्वितल गट निर्माण करतात. युग्मजननांक ६ + २ = ८.

आठ आणि दहा यांतील हे अंतर कोठून आले, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या व दुसऱ्या, दुसऱ्या व तिसऱ्या, पहिल्या व तिसऱ्या चिन्हांना स्थिर ठेवणारी तीन त्रिचक्रे घ्यावीत. यांतील कोणतीही दोन एका चिन्हाच्या स्थिरकात असतात, म्हणजे ती गट निर्माण करीत नाहीत. परंतु तिन्ही एकत्र घेतली की सामाईक स्थिर चिन्ह राहत नाही आणि सारा गट निर्माण होतो. दोन-दोन तपासून जे दिसते ते तिघांना लागू पडत नाही. आच्छादनाचा उपगट मात्र आपल्यातील सर्व घटकांना एकत्र धरून असतो. अंतराचे मूळ हेच होय. ही दरी अधिक बारकाईने मोजताही येते. एका रंगाचे दोन घटक गटाचे जनक असू नयेत अशा अटीवर सर्व घटकांना रंग द्यावयाचे, तर किती रंग लागतील? सहा रंग पंचचक्रांना लागतात, आणि ते त्रिचक्रांना देता येत नाहीत; २ कोटीचे घटक आपल्या द्वितल गटाचा रंग घेतात. त्रिचक्रांसाठी आता तीन रंग पुरतात: पाचवे चिन्ह स्थिर ठेवणारी एका रंगाची, उरलेल्यांपैकी चौथे स्थिर ठेवणारी दुसऱ्या रंगाची, आणि वर सांगितलेली त्रिकोणी तीन प्रकारची त्रिचक्रे तिसऱ्या रंगाची. दोन रंग पुरत नाहीत, कारण १-२, ३-४, ५-१, २-३, ४-५ या जोड्या क्रमाने लगतच्या जोडीशी विभक्त असून शेवटची पुन्हा पहिलीशी विभक्त आहे. पाचांचे असे वर्तुळ दोन रंगांत रंगविता येत नाही. एकूण रंग ९. अशा रीतीने ६० घटकांच्या या गटात ८, ९ आणि १० या तीन निरनिराळ्या संख्या एकामागून एक उभ्या राहतात.

याच गटाविषयी फिलिप हॉल यांनी १९३६ मध्ये एक सुंदर गणना केली होती. दोन घटकांच्या ३६०० क्रमित जोड्यांपैकी गट निर्माण करणाऱ्या किती, हे काढण्यासाठी त्यांनी उपगटांच्या जाळ्यावर संख्यासिद्धांतातील मोबियस फलनासारखे फलन योजिले. ३६०० − ५ × १४४ − ६ × १०० − १० × ३६ + २० × ९ + ६० × ४ − ६० या राशीची किंमत २२८० येते. म्हणजे यदृच्छया उचललेली जोडी जनक असण्याची संभाव्यता १९/३०. या गटाच्या स्वसमरूपतांची संख्या १२० असून २२८० ला १२० ने भागता १९ येतात. यावरून हॉल यांनी निष्कर्ष काढला की, या गटाच्या १९ प्रतींचा सरल गुणाकार दोन घटकांनी निर्माण होतो, २० प्रतींचा होत नाही. मोठ्या गटांत ही संभाव्यता वाढत जाते. नेट्टो यांनी १८८२ मध्ये व्यक्त केलेला तर्क डिक्सन यांनी १९६९ मध्ये सिद्ध केला: चिन्हांची संख्या वाढत गेली असता दोन यादृच्छिक क्रमचय एकांतर किंवा संपूर्ण सममित गट निर्माण करतील ही संभाव्यता १ कडे जाते.

जनक जोड्या इतक्या विपुल असतील तर युग्मजनक संचही मोठे सापडावेत, ही अपेक्षा साहजिक आहे आणि ती पुष्कळ अंशी खरी ठरते. चिन्हांची संख्या न विषम घ्या. विषम क्रमचय हे सबंध न चिन्हांचे एकच चक्र असू शकत नाही, कारण तसे चक्र सम असते. म्हणून प्रत्येक विषम क्रमचय चिन्हांचा एखादा लहान उपसंच आपल्या जागी राखते. सर्व सम क्रमचयांसाठी एकांतर गट, आणि न च्या निम्म्याहून लहान अशा प्रत्येक उपसंचाचा एकेक स्थिरक घेतला की आच्छादन पुरे होते. उपगटांची संख्या भरते २ चा (न − १) वा घात; ५ चिन्हांसाठी ५ + १० + १ = १६. आत्तिला मारोती यांनी २००५ मध्ये सिद्ध केले की, न = ९ हा अपवाद वगळता विषम न साठी याहून काटकसर शक्य नाही; ९ चिन्हांसाठीही उत्तर तेच, म्हणजे २५६, असल्याचे पुढे दिसून आले. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्न यांनी संभाव्यतेच्या युक्तिवादाने दाखविले की, पुरेशा मोठ्या विषम न साठी तेवढ्याच घटकांचा युग्मजनक संचही असतो. पाच चिन्हांच्या एकांतर गटात फाकलेल्या दोन संख्या येथे पुन्हा एकत्र येतात.

सम न साठी परिस्थिती गुंतागुंतीची आहे. त्यातही ६ चिन्हांचा सममित गट आपल्या प्रसिद्ध बाह्य स्वसमरूपतेमुळे वेगळा पडतो. एकांतर गट आणि चिन्हांचे ६ स्थिरक घेतले की षट्चक्रे आणि तीन अदलाबदलींचे गुणाकार तेवढे उरतात. ही बाह्य स्वसमरूपता त्यांना स्थिर चिन्ह असलेल्या क्रमचयांशी जोडते. म्हणून स्थिरकांच्या ६ प्रतिमा मिळविल्या की काम भागते. एकूण १३, आणि याहून कमी उपगटांत ते होत नाही, हे २००७ मध्ये सिद्ध झाले.

१३ ही संख्या उकलनीय गटांच्या यादीत नव्हती, कारण १२ ही अविभाज्य संख्येची घातसंख्या नाही. तद्वत १५ ही संख्या १६८ कोटीच्या साध्या गटाने पुरविली, आणि २३ ही ११ चिन्हांवरील मॅथ्यू गटाने. तथापि ११ या संख्येला कोणीच वाली नाही, हे देतोमी आणि लुक्किनी यांनी २००८ मध्ये दाखविले. गारोन्झी यांनी २०१३ मध्ये २५ पर्यंतचा शोध पुरा केला. ३ ते २५ यांपैकी ७, ११, १९, २१, २२ आणि २५ या सहा संख्या कोणत्याही गटाचे आच्छादनांक नाहीत. २०१८ मध्ये प्रसृत केलेल्या निबंधात गारोन्झी, काप्पे आणि स्वार्ट्झ यांनी ही मर्यादा १२९ पर्यंत नेली. त्यांचे आणखी एक प्रमेय असे की, एखाद्या अविभाज्य घातसंख्येपासून बनलेल्या गुणोत्तर श्रेणीची १ पासून सुरू होणारी पहिली म पदे मिळवून येणारी प्रत्येक संख्या आच्छादनांक असते; म मात्र १ हून मोठा असावा आणि ३ नसावा. तीन पदांची ही वगळणूक अकारण नाही: १ + २ + ४ = ७ आणि १ + ४ + १६ = २१ या दोन्ही संख्या वरील यादीत आहेत, तर १ + ३ + ९ = १३ ही नाही. ज्या सांत गटांचे सर्व उचित भागगट उकलनीय आहेत तेवढ्यांचाच विचार केला तर सुटून जाणाऱ्या संख्या अनंत आहेत, हेही त्याच निबंधात सिद्ध केलेले आहे. सर्व गटांविषयीचे तसेच विधान मात्र तेथे संभवनीय म्हणूनच मांडलेले आहे.